परत सांग

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मारियामातेच्या जपमाळेचा महिना. वसईला आमच्या आळीत या दिवसांत रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी माळ म्हटली जाते. माळेत पाच रहस्ये, म्हणजे येशू आणि मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, आठवत जप करायचा. पहिलं रहस्य खणखणीत, सगळे एका सुरात. दुसऱ्यात आवाज जरा पसरतात. तिसऱ्यापर्यंत तोंडं ‘नमो मारिया’ म्हणत असतात आणि मनं केव्हाच उठून गेलेली असतात. कुणाचं गॅसवर ठेवलेल्या कुकरकडे, कुणाचं नोकरीवरून अजून न परतलेल्या मुलाकडे, कुणाचं पुढच्या बाईच्या नव्या ब्लाऊजच्या शिलाईवर. येशूनं शिकवलेल्या ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेतलं ‘आमची रोजची भाकर’ आलं की उद्याच्या डब्याला काय करायचं, हा प्रश्न हमखास उभा राहतो. त्यात निदान विषयाला धरून काहीतरी असतं.

गुरुवारी मात्र गंमत होते. वाराप्रमाणे पाच रहस्यांचा संच बदलतो, आणि त्या दिवशी प्रकाशाची रहस्ये असतात. ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली, त्यामुळे लहानपणापासून पंधराच रहस्ये पाठ असलेल्या म्हाताऱ्यांना ती अजून पटकन आठवत नाहीत. काना गावचं लग्न आधी की येशूचा बाप्तिस्मा आधी, यावर दोघी कुजबुजतात, आणि तेवढा वेळ अख्खी खोली जागी असते. जे तोंडपाठ असतं त्यात मनाला पळून जायला सगळ्यात मोठी सवड मिळते, असं माझं मत होत चाललं आहे.

याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण संतांचीही हीच गत होती. आविलाची संत तेरेसा प्रार्थनेवर लिहिणाऱ्यांत अगदी वरच्या रांगेतली. तिचा सण याच महिन्यात, १५ तारखेला येतो. तिनं स्वतःच लिहून ठेवलंय, की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचे कान घड्याळाच्या टोल्यांकडे लागलेले असत, हा तास एकदाचा कधी संपतो म्हणून. संत बर्नार्डची तर एक जुनी गोष्टच सांगतात. मन जराही न हलवता एक ‘आमच्या बापा’ म्हणून दाखवलास तर माझं खेचर तुझं, अशी त्यानं एका शेतकऱ्याशी पैज लावली. गडी निम्म्यापर्यंत नीट गेला आणि मग थांबून विचारता झाला, “खेचराबरोबर खोगीरही मिळणार ना?”

ही पैज सिमोन वेलनं स्वतःशीच लावली होती, असं म्हणायला हरकत नाही. ती फ्रान्समधली, ज्यू घरातली, तत्त्वज्ञान शिकवणारी बाई. ख्रिस्तावर जीव जडलेला, पण बाप्तिस्मा घ्यायला वर्षानुवर्षं तयार नाही. १९४१ साली ती आर्देश भागात शेतावर राबायला गेली आणि तिथं ‘आमच्या बापा’ मूळ ग्रीकमध्ये पाठ केलं. द्राक्षांच्या खुडणीतही ती ते म्हणत असे. पुढे तिनं नेम केला: रोज सकाळी एकदा म्हणायचं, पण पूर्ण ध्यान देऊन. मधे मन किंचित जरी घसरलं, तरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा निखळ म्हणून होईपर्यंत. माझी छाती नाही. आमच्या आळीत हा नेम लावला तर पहाटेपर्यंत पहिलंच रहस्य चालू राहील.

पण तिचं आणखी एक निरीक्षण मला फार आवडतं. मास्तरांनी ‘लक्ष द्या’ म्हटलं की पोरं कपाळाला आठ्या घालतात, श्वास रोखतात, अंग ताठ करतात. दोन मिनिटांनी विचारा कशाकडे लक्ष देत होतात, तर सांगता येत नाही. चर्चमध्ये डोळे घट्ट मिटून बसलेली माणसं पाहिली की मला ही पोरं आठवतात. आणि समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघत ‘हं, हं’ करणारी माणसंही. त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षाच.

शेजाऱ्याचं ऐकून घेणं हाही त्याच ध्यानाचा भाग, असं ती मानत असे. दुःखात असलेल्या माणसाला ‘तुला काय होतंय?’ एवढं विचारता येणं तिला फार दुर्मिळ वाटे.

आमच्या मोठ्या काकीनं वेलबाईचं नाव ऐकलेलं नाही. तिचं ऐकणं वाल सोलताना चालतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबला की दाणा टुणकन ताटात आणि साल बाजूला. माळेचा मणी सरकवण्यासारखंच ते. हात गुंतलेले असतात, कान आणि मन रिकामं. बोलणाऱ्यालाही बरं, कारण कुणी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत नाही. मोबाईलचं नेमकं उलटं आहे. तो हाताला काही काम देत नाही आणि बाकीचं सगळं घेऊन जातो.

परवा शेजारची सून आली. नवरा बोटीवर असतो, त्याचा करार आणखी वाढला म्हणून सांगत होती. आम्ही तिघी ताटाभोवती. ती बोलत होती आणि काकी मधेच म्हणाली, “थांब गं. करार वाढला इथपर्यंत ऐकलं. मग माझं मन दुधाच्या पातेल्यावर गेलं. तिथून परत सांग.”

सून हसली. कुणी रागावलं असतं, पण काकीच्या बोलण्यात माफी वगैरे काही नसतं, मणी चुकला तर मागे येतात तेवढंच. ती परत सांगू लागली. पहिल्या खेपेला कंपनीनं करार वाढवला होता. दुसऱ्या खेपेला वाक्य अर्ध्यावर थांबलं आणि मग आलं, की त्यानंच मागून घेतला.

काकीनं सल्ला दिला नाही. “त्यानंच?” एवढं विचारलं आणि मूठभर वाल पाण्यातून उपसून सुनेपुढे ठेवले. तीही सोलायला लागली. मग लग्नापासूनचं निघालं, सासूचं निघालं, घराच्या हप्त्याचं निघालं. नऊ वाजून गेले. बिरडं फोडणीला पडलंच नाही, रात्री अंडी झाली, आणि त्यावरून काका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुरकुरत होते.