व्हिएन्ना ते बेलग्रेड बसने, अण्णांसोबत - माझा अनुभव

जून २०२४ मध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे व्हिएन्नाला आले होते. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, त्यामुळे विमान, ट्रेन वगैरे काही नको, मला इथली बस दाखव म्हणाले. मग व्हिएन्नाहून सर्बियातल्या बेलग्रेडला जायचं ठरलं, मधे हंगेरीत बुडापेस्टला गाडी बदलून.

तिकीट काढायच्या आधी एक गोष्ट बघितली म्हणून बरं झालं, नाहीतर फार मोठा घोळ झाला असता. हंगेरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) आहे पण सर्बिया नाही, म्हणजे अण्णा एकदा बाहेर पडले की परत आत येताना नव्याने एंट्री. व्हिसावर एंट्रीच्या रकान्यात ०१ लिहिलेलं असेल तर ती एंट्री आधीच वापरून झालेली असते आणि माणूस बॉर्डरवरच अडकतो. अण्णांच्या व्हिसावर 'मल्ट' (मल्टिपल, म्हणजे अनेकदा आत येता येतं) होतं, ते मी चारदा वाचलं. सर्बियाने भारतीयांना १ जानेवारी २०२३ पासून व्हिसा लावलाय, पण चालू शेंगेन व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही. आईवडिलांना फिरवणाऱ्यांनी हे आधी बघाच.

जाताना सगळं सुरळीत झालं. खरी धाकधूक येतानाची. सर्बियाचं होरगोश नाकं झालं, थोडं पुढे हंगेरीचं रोस्के, रात्रीचा एक वाजलेला, सगळ्यांना खाली उतरवलं आणि पासपोर्ट हातात घेऊन रांगेत उभं केलं. माझं रेसिडेन्स कार्ड बघून मला लगेच सोडलं. अण्णांना मात्र थांबवलं. किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट कुठंय, सगळे प्रश्न इंग्रजीतून, मी मधे बोलायला गेलो तर मला हातानेच थांब म्हणाले. अण्णांनी पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली, त्यात परतीचं तिकीट, इन्शुरन्स, माझं निमंत्रणपत्र सगळं प्रिंट काढून ठेवलेलं, एकेक कागद काचेखालून सरकवला आणि "माय सन, व्हिएन्ना" एवढंच म्हणाले. ठप्प करून शिक्का पडला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. प्रिंट घेऊनच जा, मोबाईलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

पुढे हायवेवर एका पंपावर गाडी थांबली, पाऊण तास. अण्णांना वाटलं बिघाड झाला. मी सांगितलं की इथे साडेचार तास चालवलं की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, आणि डॅशबोर्डमध्ये टॅकोग्राफ म्हणून गाडी किती वेळ चालवली ते नोंदवणारं यंत्र असतं, त्यात त्याचं कार्ड असतं त्यावर सगळी नोंद होते, लपवता येत नाही. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही घाटात डोळ्यावर पाणी मारून गाड्या काढल्या रे." ड्रायव्हर खाली सिगरेट ओढत उभा होता, त्याच्याकडे जाऊन अण्णांनी हाताने स्टेअरिंग फिरवल्यासारखं केलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्याला बरोबर कळलं. दार उघडून त्याने अण्णांना आपल्या सीटवर बसवलं.

सकाळी बुडापेस्टला नेपलिगेट स्टँडवर गाडी बदलली, दुपारी व्हिएन्नात. आता शेंगेनच्या बॉर्डरवर ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्के बंद करून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला लागलेत. अण्णांच्या पासपोर्टवर मात्र रोस्केचा तो शिक्का आहे. रस्त्याने आलेल्यांच्या शिक्क्यात कोपऱ्यात एक छोटीशी गाडी असते. गावाकडे कोणी आलं की चष्मा लावून आधी ती गाडी दाखवतात.