आरसीसीबीचा खटका वर राहीना

आमच्या शहापुरातील जुन्या घराच्या वीज-पेटीत दोन वर्षांपूर्वी मी हट्टाने आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. परसातील विहिरीच्या मोटारीचा पाइप धरताच आईच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. तिच्या पायांत रबरी चपला होत्या, म्हणून तेवढ्यावर निभावले. साधा एमसीबी, म्हणजे पेटीतला एकेका सर्किटचा खटका, शॉर्ट झाल्यावर किंवा तारेवर भार वाढल्यावर पडतो, परंतु माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा थोडासा प्रवाह त्याच्या गणतीतही नसतो. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो, आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात दोन्ही तारा तोडतो. हे आधीच सांगतो, कारण गेल्या जुलैत चार दिवसांत तीन जणांनी मला तो काढून टाकायला सांगितले, आणि त्या सल्ल्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पाऊस सलग आठवडाभर लागला होता. एका संध्याकाळी घरभर अंधार झाला, पेटी उघडून पाहिली तर आरसीसीबी पडलेला. खटका वर केला की लगेच खाली येई. (काही कंपन्यांचा खटका पडल्यावर मधेच अडकतो, तो आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करावा लागतो. हे ठाऊक नसेल तर चांगले उपकरणही बिघडल्यासारखे वाटते. आमची अडचण मात्र ती नव्हती.) दुसऱ्या दिवशी पहाटे तो वर राहिला, म्हणून हायसे वाटले, पण आईच्या अंघोळीसाठी गिझर लावताच पुन्हा पडला.

यातूनच पुढची सारी फरपट सुरू झाली. गिझर लावल्यावर पडतो म्हणजे दोष गिझरचा, असे पहिल्या वायरमनने ठरवले आणि कॉइल बदलली. खटका तरीही पडला, आणि आता तो इस्त्री लावल्यावरही पडू लागला. दुसरा वायरमन आला. त्याने सगळे एमसीबी खाली केले. तरी संध्याकाळी आरसीसीबी वर राहीना. घरातले सर्व सर्किट बंद असताना तो पडतो, त्या अर्थी तोच खराब आहे, हा त्याचा निष्कर्ष मलाही पटला. मी भर पावसात खडेबाजारात जाऊन ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा, आयएसआय चिन्हाचा नवा आरसीसीबी आणला. तो बसवला आणि तोही पडला. तेव्हा वायरमन म्हणाला, “सर, हे काढून डायरेक्ट जोडतो. निम्म्या घरांत हे नसतंयच, काय होत नाही बघा.” पहिल्यानेही फोनवर तेच सांगितले, आणि नवा परत करायला गेलो तेव्हा दुकानदारानेही तेच. पावसात भिजलेल्या भिंती, विहिरीवरची मोटार, ब्याऐंशी वर्षांची आई, आणि हे तिघे धोक्याची सूचना देणारी वस्तूच काढायला सांगत होते. मी ठाम नकार दिला. त्या चार दिवसांत आईची अंघोळ अडगळीतून काढलेल्या तांब्याच्या बंबावर झाली आणि संध्याकाळ मेणबत्तीवर. डायरेक्ट जोडून मिळणारा उजेड मला नकोच होता.

चौथ्या दिवशी माझा मावसभाऊ आला. तो आयटीआयमध्ये विजेचा विषय शिकवत असे. सगळी हकिकत ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला: “न्यूट्रल कुणी सोडवून पाहिल्या का?” कुणीच पाहिल्या नव्हत्या. घरातले एमसीबी बहुधा एकपदरी असतात आणि ते फक्त फेज तोडतात. सर्व सर्किटांच्या न्यूट्रल तारा एका पितळी पट्टीवर जोडलेल्याच राहतात. त्यामुळे एखादी न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकली असेल, तर सगळे एमसीबी पाडूनही तो दोष जागच्या जागी राहतो. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असली, तरी वाटेत गल्लीभराचा भार वाहून नेताना घरापाशी तिच्यावर काही व्होल्ट उरतात. संध्याकाळी भार वाढतो, ते व्होल्टही वाढतात, आणि टेकलेल्या जागेतून ३० मिलिअँपिअर सहज जमिनीत निघून जातात. पहाटे भार कमी असतो म्हणून खटका राही; मग गिझर लावला की त्याच्या परतीच्या प्रवाहाचा एक वाटा अर्थिंगकडे वळे. गिझर, इस्त्री दोन्ही निर्दोष होती. कॉइलचे पैसे नाहक गेले.

त्याने मुख्य स्विच पाडला, टेस्टरने खात्री केली आणि आरसीसीबीतून घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवल्या. मग मुख्य स्विच लावून खटका वर केला. तो राहिला, आणि चाचणीचे बटण दाबताच पडला. उपकरण ठीक असल्याचे पाच मिनिटांत सिद्ध झाले. ही चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती, तर खडेबाजाराची खेप वाचली असती. नंतर पुन्हा मुख्य स्विच पाडून, सगळे प्लग काढून, पट्टीवरच्या सातही न्यूट्रल सुट्या केल्या आणि एकेकीचा अर्थिंगशी मल्टिमीटर लावला. पाचवीला मल्टिमीटर वाजला, म्हणजे तीच कुठेतरी अर्थिंगला टेकली होती.

पाचवी कुठे जाते याची पेटीत कुठेही नोंद नव्हती, त्यामुळे ती शोधण्यात दुपार गेली. शेवटी ती मोटारीच्या बोर्डाकडेच निघाली. तेथील लोखंडी डब्याच्या धारेवर घासून तारेचे आवरण गेले होते आणि आत साचलेल्या ओल्या मातीत उघडे तांबे डब्याला चिकटले होते. ज्या जागेसाठी आरसीसीबी बसवला, त्याच जागेचा दोष तो चार दिवस सांगत होता.

तार बदलली, डबा पीव्हीसीचा केला, भोकाला रबरी बुश बसवला. भावाने ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, सर्व सर्किटे तपासून घेतली. वायरिंगचा इन्सुलेशन रोध निदान १ मेगाओम तरी असावा, असे त्याने सांगितले. परसाच्या सर्किटला आता दुपदरी एमसीबी आहे, तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो. पेटी स्वतः उघडू नये, मुख्य स्विच पाडल्यावरही त्याची मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते. परवानाधारक वायरमनच बोलवावा, पण तो न्यूट्रल सुट्या करून तपासणार आहे का, हे आधी विचारून घ्यावे. सातही तारांवर मी आता नावांच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. दुकानदाराने नवा आरसीसीबी परत घेतला नाही, म्हणून तोच पेटीत ठेवला आणि जुना, जो कधी बिघडलाच नव्हता, आईच्या माहेरच्या घरी खानापूरला बसवायला दिला.