लाइन गेली, लाइन टाकली, लाइन मारली

कोकणात ‘लाइन’ हा शब्द एकट्याने कळत नाही. पुढे कुठलं क्रियापद येतं त्यावर सगळं ठरतं. गेली ती विजेची. टाकली ती पाण्याची, नाहीतर समुद्रातल्या गळांची. लागली ती रेशनच्या दुकानापुढे, किंवा गणपतीच्या आधी तिकीट खिडकीवर. आणि ‘मारली’ म्हटलं की बोलणारा गवंडी आहे की कॉलेजातला पोरगा, ते आधी बघायचं.

या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन. ‘लिनम’ म्हणजे जवस, आणि त्याच्या धाग्याची दोरी ती ‘लिनिया’. तेव्हा सगळ्या अर्थांत मूळ अर्थाला जवळची लाइन कुणाची, तर गवंड्याची. त्याच्या हातात अजूनही खरीखुरी दोरीच असते.

घराची लाइन मारणं, म्हणजे लाइनआउट, पाऊण दिवसाचं काम. पण त्यातली चूक घर उभं असेपर्यंत दिसते. हद्दीच्या गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, मोजून आधी एक बाजू पक्की करायची. मग तिच्याशी काटकोन. इथे नुसत्या गुण्यावर, म्हणजे गवंड्याच्या काटकोनी पट्टीवर, विसंबू नये. गुण्या दोन फुटांचा आणि भिंत तीस फुटांची. गुण्यापाशी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकलं तर भिंतीच्या पलीकडच्या टोकाला जवळजवळ दोन इंचांचा फरक पडतो. त्यापेक्षा टेप घ्या. एका दोरीवर कोपऱ्यापासून 9 फुटांवर खूण, दुसरीवर 12 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 15 फूट आलं की काटकोन जमला. 3-4-5 नेही जमतो, पण माप जितकं मोठं तितकी चूक लहान. चारही बाजू झाल्या की दोन्ही कर्ण मोजायचे. 30 बाय 40 च्या घराला दोन्ही कर्ण 50 फूट यायला हवेत. एक जास्त नि एक कमी आला तर चौकट तिरकी आहे, मग बाजू कितीही बरोबर असोत.

खुंट्या कोपऱ्यावर मारायच्या नाहीत. कोपरा तर खणूनच जाणार आहे. चराच्या बाहेर तीन-चार फुटांवर खुंट्या, त्यांवरून दोऱ्या, आणि दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तो कोपरा. तिथून ओळंबा सोडला की खालच्या खड्ड्यातही कोपरा सापडतो. कातळावर लाकडी खुंटी जात नाही, तिथे सळईचे तुकडे ठोकतात. फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, शेवटी टाकायची. पहिल्या सरीला ती वाहून जाते, म्हणून खुंट्या राखायच्या.

चिऱ्याची भिंत चढवताना दोरी आणि चिरा यांत सूतभर फट राखायला हवी. चिरा दोरीला टेकला की दोरी बाहेर ढकलली जाते, पुढचा चिरा त्या ढकललेल्या दोरीच्या मापाने बसतो, आणि थोड्या वेळाने भिंतीला पोट सुटतं. मग गिलाव्यात सिमेंट ओतून ते झाकतात. लांब भिंतीला दोरीला मधे झोळ येतो. तिथे एक चिरा लेव्हलमध्ये बसवून दोरीला आधार द्यायचा.

शेतातली लाइनही दोरीचीच. चारसूत्री भातलावणीत दोरीवर 25 आणि 15 सेंटिमीटरवर आलटून-पालटून खुणा असतात. त्या धरून लावलं की चार चुडांचे (रोपांच्या जुड्यांचे) 15 बाय 15 चे चौकोन तयार होतात. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी 62,500 ब्रिकेट, म्हणजे साधारण 170 किलो. वर टाकलेलं खत कोकणातला पाऊस बांधावरून घेऊन जातो. चिखलात खोल खोचलेलं तिथेच टिकतं. दोरी नसेल तर चौकोन नाही आणि चौकोन नसेल तर ब्रिकेट कुठे खोचायची तेच कळत नाही.

टाकायची लाइन वेगळी. वरच्या व्हाळातून (ओढ्यातून) वाडीत उताराने पाणी आणताना दोन गोष्टी चुकतात. पहिली, पाइपाचा दर्जा. दहा मीटर उताराला साधारण एक किलो दाब, तोही खालचा नळ बंद असताना पुरा. पंचवीस मीटर उतार असेल तर अडीच किलोचा काळा पाइप अगदी काठावर येतो. चार किलोचा घ्यावा. दुसरी, हवा. पाइप मधे कुठे उंचवट्यावरून गेला की तिथे हवा साचते. व्हाळ भरलेला, पाइप कुठे फुटलेला नाही, आणि नळाला करंगळीएवढी धार. ‘लाइनीने हवा धरली’ म्हणतात ते हेच. उंचवट्याच्या माथ्यावर टी टाकून छोटा कॉक बसवला की प्रश्न मिटतो. वरचं तोंड पाण्याखाली निदान वीतभर हवं आणि त्याला जाळी हवी, नाहीतर हवा आणि पाला दोन्ही आत.

समुद्रात टाकायची लाइन म्हणजे एक जाड दोरी आणि तिला ओळीने बांधलेल्या गळांच्या फांद्या. दोन फांद्यांतलं अंतर फांदीच्या लांबीच्या दुपटीहून जास्त असावं, नाहीतर शेजारचे गळ एकमेकांत अडकतात. सुरमईचे दात नायलॉन सरळ कापतात, म्हणून तिच्यासाठी गळापाशी वीतभर तार लागते. टोपलीत दोरी वळशा-वळशाने आणि गळ काठाला क्रमाने लावलेले असले तरच ती सुटत जाते. उधाणाच्या ओढीत तळाची लाइन सरकते, दगडांत अडकते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या, दिवसांत ती नीट बसते.

आता गेलेली लाइन. आधी शेजारी बघावं. साऱ्या वाडीत अंधार असेल तर डीपी (वाडीचा ट्रान्सफॉर्मर) किंवा फीडर (उपकेंद्रातून येणारी मुख्य लाइन) गेलेला. काही घरांत आहे नि काहींत नाही, तर एक फेज गेलेली. अशा वेळी थ्री-फेज पंप चालू करू नये. मोटर नुसती घूं करत राहते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं. एक फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलेला बरा. काही बल्ब लखलखीत नि काही मिणमिणते दिसले तर न्यूट्रल तुटलेली असू शकते. टीव्ही-फ्रिजचा विचार न करता मेन स्विच बंद.

‘दोन थेंब पडले की लाइन जाते’ ही तक्रार किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येते आणि शिव्या लाइनमनला बसतात. दर वेळी तो दोषी नसतो. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो. कोरडा असताना तो थर निरुपद्रवी. बारीक भुरभुर पडली की ओला होऊन वीज वाहू लागतो, ठिणग्या उडतात, फीडर ट्रिप होतो. जोराची सर आली तर मीठ धुऊनच जातं. चुडत, म्हणजे माडाची झावळी, पडून तार खाली आली असेल तर मात्र दहा मीटर लांब राहावं, अंधार असला तरी. चाचणीसाठी लाइन पुन्हा चार्ज करतात, आणि पडलेली तार तेव्हा जिवंत होते.

उरली रेल्वेची. कोकण रेल्वे बरीचशी अजून एकेरी, त्यामुळे दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. समोरची गाडी आत येईपर्यंत आपली स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूप लाइनवर उभी. हा शब्द रुळांवरून उतरून केव्हाच गावात आला. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्या, मुंबईतल्या काकांनीसुद्धा केली, की तलाठ्याकडून येणारा माणूस सांगतो, लाइन क्लिअर.