कोळशाच्या रस्त्यावरची गाडी आणि घरीच बदललेला एअर फिल्टर

राहायला वणीत आणि नोकरी घुग्गुसला. या रस्त्यावर दिवसरात्र कोळशाचे ट्रक चालतात. उन्हाळ्यात सकाळी पुसलेल्या बॉनेटवरून संध्याकाळी बोट फिरवलं की काळं होतं. आमच्या वॅगनआरच्या पुस्तिकेत एअर फिल्टर 40,000 किलोमीटरला बदला असं लिहिलंय, पण धुळीचा रस्ता असेल तर लवकर तपासा, असंही आहे. आपल्या भागात दुसरी ओळच खरी धरावी. मी 20,000 च्या आतच फिल्टरचा बॉक्स उघडला.

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. एवढ्या हवेतली धूळ फिल्टरने अडवली नाही, तर सिलिंडर आणि पिस्टन रिंगा झिजतात.

इंजिन थंड झाल्यावर बॉक्सच्या क्लिपा सोडल्या. (काही गाड्यांत स्क्रू असतात.) फिल्टर न हलवता सरळ वर उचलला, नाहीतर साचलेली धूळ आतच सांडते. बाहेरची हवा येते ती बाजू काळी कुळकुळीत होती. घड्यांमध्ये कोळशाची पूड, वाळलेली पानं, दोन-चार किडे. मागून टॉर्च धरला तर उजेड जेमतेम दिसत होता.

पण मला खरं बघायचं होतं ते इंजिनकडच्या बाजूला. तिथे धूळ सापडली, तर फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नाही किंवा कागद फाटलाय असं समजायचं, आणि हे नुसत्या मळक्या फिल्टरपेक्षा कितीतरी गंभीर. बॉक्समधून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात आतून पांढरं फडकं फिरवलं. ते स्वच्छ निघालं तेव्हा जिवात जीव आला.

जुना फिल्टर हवा मारून पुन्हा बसवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती पटत नाही. जोरात हवा मारली की कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि ती डोळ्यांना दिसतही नाहीत. कागदी फिल्टर धुवायचा तर नाहीच. नवा तीन-चारशे रुपयांत येतो. दुकानात जुना सोबत न्यावा, मॉडेल आणि वर्ष सांगावं आणि दोन्ही शेजारी ठेवून कड जुळवून बघावी.

नवा बसवण्याआधी इंजिनकडच्या पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा घातला, बॉक्स घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसून कोरडा केला आणि बोळा आठवणीने काढला. फिल्टरची कड खाचेत चारही बाजूंनी दाबून बघितली, मगच क्लिपा लावल्या.

मायलेज वाढेल या आशेने मात्र हे करू नका. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 2009 च्या चाचण्यांत आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांचं मायलेज तुंबलेल्या फिल्टरने फारसं घटलं नाही, फरक पडला तो गाडीच्या उचलीत. मलाही ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी मोकळी वाटली.

नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिलेत. आता पावसाळा संपला की पुन्हा उघडून बघणार.