आईची अट

नाशिकमधल्या ज्या रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते, तेथे मूत्रपिंड देणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाशी शस्त्रक्रियेपूर्वी मी बंद दाराआड बोलते. नवरा, सासू, भाऊ, डॉक्टर यांपैकी कोणालाही तेव्हा आत येऊ देत नाही. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसलेले एक वाक्य मी त्या वेळी प्रत्येकाला सांगते: ‘तुमची इच्छा नसेल तर मी घरच्यांना एवढेच कळवीन की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या दाता होऊ शकत नाही; कारण कोणालाही कळणार नाही.’ बहुतेक बायका हे ऐकून नुसती मान हलवतात. निफाड तालुक्यातल्या त्या आईने मात्र थेट विचारले, ‘आणि देणार, पण आधी काही पाहिजे, असं असेल तर?’ (तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहे आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा नऊ वर्षांचा आहे, पण उंचीने सहा वर्षांचा वाटतो. जन्मतःच मूत्रमार्गात पडदा असल्यामुळे लघवी तुंबत राहिली. पडद्याची शस्त्रक्रिया झाली, तोवर दोन्ही मूत्रपिंडांचे बरेच नुकसान होऊन गेले होते. मुलग्याच्या लघवीची धार बारीक आहे, थेंबथेंब होते, ही तक्रार अजूनही ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून सोडून दिली जाते आणि ते मला फार लागते. आता त्याचे पोटाचे डायलिसिस घरीच चालते. पोटात बसवलेल्या नळीवाटे द्रव आत सोडायचा, काही तासांनी तो काढून टाकून नवा भरायचा, असे दिवसातून चार वेळा, रोज, सणवार न पाहता करावे लागते. ते सगळे ही आई करते.

तिचे काम मी घरभेटीत जवळून पाहिले आहे. द्राक्षबागेला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात, जेथे फवारणीचा वास भिंतींत मुरलेला आहे, तेथे तिने एक कोपरा असा राखला आहे की आमच्या वॉर्डातही इतकी शिस्त मला रोज दिसत नाही. आधी पंखा बंद, दार बंद, मग मास्क, मग कोपरापर्यंत हात धुणे आणि ते स्वच्छ कापडाने कोरडे करणे. नळीचे टोक उघडल्यापासून जोडेपर्यंत ती एक अक्षर बोलत नाही. बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी ती वर्तमानपत्रावर ठेवते. खालची अक्षरे स्पष्ट वाचता आली तर द्रव स्वच्छ, धूसर दिसली तर पोटात जंतुसंसर्गाची शंका, आणि मग ती पिशवी घेऊन तडक नाशिक गाठायचे. किती आत गेले, किती बाहेर आले, वजन, रक्तदाब हे सारे ती मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत लिहिते. भाज्यांतले पोटॅशियम कमी व्हावे म्हणून बटाटा बारीक चिरून, भिजवून, उकळून त्याचे पाणी टाकून देते. या सगळ्यासाठी तिची कोणी कधी लेखी संमती घेतली नव्हती.

मुलाचा रक्तगट ओ आहे. वडिलांचा बी असल्यामुळे ते बाद झाले, आजीला मधुमेह आहे आणि मोठी बहीण अल्पवयीन असल्याने कायद्याने तिचा प्रश्नच येत नाही. आईचा रक्तगट ओ निघाला, तपासण्याही ठीक आल्या, आणि त्या दिवसापासून तिने मूत्रपिंड द्यायचे हे जणू ठरूनच गेले.

तिची अट अशी होती की नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आधी तिचे नाव लागावे. कारण तिने शांतपणे सांगितले. ‘माझ्या मावशीची पिशवी काढली, मॅडम. जड उचलू नको म्हणाले डॉक्टर. वर्षाच्या आत तिला माहेरी आणून घातली. जड न उचलणारी सून कोणाला पाहिजे?’ एका मूत्रपिंडावर निरोगी माणूस नीट जगू शकतो आणि जड कामाची बंदी काही आठवड्यांपुरतीच असते, हे मी तिला समजावले. तिला ते पटलेही. पण घरच्यांनाही ते तसेच पटेल याची हमी मी देऊ शकत नव्हते.

अडचण कायद्याची होती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा आहे आणि त्यात पैशांच्याच नव्हे, तर पैशांचे मोल असलेल्या कोणत्याही मोबदल्याला बंदी आहे. उल्लंघनाला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जमीन हे पैशांचे मोलच आहे. दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देण्याची मुभा तोच कायदा देतो, पण घरच्या बागेत छाटणीपासून खुड्यापर्यंत राबणाऱ्या बाईच्या नावे मजुरीच लागत नसेल, तर तिची बुडालेली कमाई कोण आणि कशी मोजणार? अवयवांची विक्री रोखण्यासाठी हा कायदा आवश्यकच आहे, असे मी मानते. तरीही त्या दुपारी मला वाटले की गरिबाला दलालापासून वाचवताना सुनेला घरात कशाची भीती वाटते, याचा विचार त्यात झालेला नाही.

तिच्या संमतीने मी हा पेच विभागाच्या बैठकीत मांडला. एक तरुण डॉक्टर म्हणाला, ‘आई असून पोराच्या जिवाचा सौदा करते?’ तो मुलांसाठी रात्ररात्र जागणारा माणूस आहे, म्हणून ते वाक्य अधिकच खुपले. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आणि घेणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य आहेत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागे केवळ माया असते, असे आम्ही सोयीने धरून चालतो.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. नवरा गप्प होता, दिरांचा विरोध होता, आणि मी सासूबाईंकडून कडक शब्दांची अपेक्षा करत होते. त्या म्हणाल्या, ‘मी शहाऐंशी साली चांदवडला गेले होते, बाई.’ शेतकरी संघटनेचे 1986 चे ते महिला अधिवेशन आणि पुढे शरद जोशींनी बायकोच्या नावे जमीन करण्यासाठी चालवलेले लक्ष्मीमुक्ती अभियान नाशिक जिल्ह्यातली जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. त्याच लाटेत सासऱ्यांनी स्वतःहून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावले होते. ‘तेव्हा माझं कोणी काही कापून घेतलं नव्हतं,’ एवढेच बोलून त्यांनी मुलाकडे पाहिले.

त्यानंतर मी नवऱ्याला एकट्याला बसवून एकच प्रश्न विचारला: नाव लागल्यावर तिने मूत्रपिंड द्यायला नकार दिला, तर ते नाव तसेच राहील का? माझ्या मते मोबदला आणि हक्क यांतला फरक या एका प्रश्नात आहे. तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि मग म्हणाला, ‘राहील. ती दिवसाला चारदा करते, ते मी बघतो ना.’

तहसीलमधला अर्ज, नोटीस, फेरफाराची मंजुरी यांत महिने गेले. तेवढे महिने मुलाचे प्रत्यारोपण लांबले, त्याची वाढ थांबलेलीच राहिली आणि त्याबद्दल बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी व्यक्त केलेली नाराजी पूर्णपणे रास्त होती. नोंद झाल्यावर मी आईला पुन्हा बंद दाराआड बसवले आणि सुरुवातीचे वाक्य जसेच्या तसे म्हटले. तिने ‘देते’ म्हणून सांगितले आणि एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावरची तारीख मिळेल का, असे विचारले.

माझ्या अहवालात जमिनीची सारी हकीकत मी तारखांसह लिहिली आहे. ती गाळावी, फाइल विनाकारण अडकेल, असा सल्ला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सद्भावनेने दिला होता. मी तो मानला नाही, कारण ही गोष्ट पुढे दुसऱ्या कोणाच्या तोंडून बाहेर आली असती तर सौदा म्हणूनच वाचली गेली असती. रुग्णालयाच्या सक्षम प्राधिकाऱ्यांनी त्यावर विधिज्ञांचे मत मागवले असून ते अजून आलेले नाही. राज्यातल्या इतर प्रत्यारोपण केंद्रांतील समाजसेवकांपुढे दात्या स्त्रीने अशी सुरक्षितता मागितल्याचा प्रसंग आला असेल, तर त्यांनी तो कागदावर कोणत्या शब्दांत नोंदवला आणि तो मान्य झाला का, हे मला समजून घ्यायचे आहे.