दुर्बीण टाकण्याआधीचे तास

अण्णांना घेऊन गाडी निफाडहून चांदोरीमार्गे नाशकात पोचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जानेवारीची कडाक्याची थंडी होती आणि स्ट्रेचरवरचे अण्णा घामाने निथळत होते. सत्तरीच्या आसपासचे द्राक्षबागायतदार, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. संध्याकाळी बागेतून आले, ओट्यावर टेकले आणि काळपट, गुठळ्यांची मोठी उलटी झाली. मुलाने तिचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता. हे त्याने फार चांगलं केलं, कारण घाबरलेल्या नातेवाइकांच्या तोंडून ‘रक्त पडलं’ एवढंच कळतं, किती आणि कसलं ते कळत नाही.

निदान मात्र मला काकूंनी दिलं. “चार दिवसांपासून शी डांबरासारखी होतेय यांना. चिकट. पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते. म्हटलं दवाखान्यात चला, तर म्हणे माल निघू दे, मग बघू.” लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तिला हा उग्र वासही नसतो. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला गेलेलं रक्त पचत पचत खाली येतं तेव्हाच तो वास येतो. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर तो दारातूनच ओळखतात. उलटीने माणूस धावत दवाखान्यात येतो, काळ्या शीने येत नाही; आणि सांगायचं तर तीच आधी आलेली असते.

नाडी १२६, रक्तदाब ८४/५०. हिमोग्लोबिनचा पहिला रिपोर्ट १०.२ आला आणि मुलाच्या जिवात जीव आला. “दहा म्हणजे बरं आहे ना, डॉक्टर?” त्याला समजावून सांगावं लागलं. रक्त जातं तेव्हा लाल पेशी आणि पाणी दोन्ही सारखंच जातं, त्यामुळे उरलेल्या रक्ताचा दाटपणा सुरुवातीला तेवढाच दिसतो. सलाइन गेलं, शरीराने आपलं पाणी रक्तात ओढून घेतलं, की खरा आकडा कळतो. दीडच्या सुमाराला पुन्हा पाठवलेला रिपोर्ट ६.९ आला.

“मग दुर्बीण टाका ना आत्ताच्या आत्ता! गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, नाशिकला दुर्बिणीतून रक्त थांबवतात.” दुर्बीण म्हणजे तोंडावाटे जठरात उतरवायची कॅमेऱ्याची नळी, एंडोस्कोपी. मुलगा आवाज चढवून बोलत होता आणि मला त्याचा राग येत नव्हता. त्याच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं. ज्या उपायाने रक्त थांबतं तो करायला तुम्ही सकाळची वाट का बघताय? मी त्याला बाजूला घेतलं. “दादा, या रक्तदाबावर गुंगी देऊन दुर्बीण टाकली तर रक्त थांबायच्या आधी हृदय थांबेल, याची मला जास्त भीती आहे. आधी त्यांना दुर्बीण सोसेल असं करू द्या.”

हा माझा एकट्याचा हट्ट नव्हता. २०२० साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी जास्त धोक्याच्या ५१६ रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला होता. पोटविकारतज्ज्ञाने पाहिल्यापासून ६ तासांच्या आत दुर्बीण टाकलेल्या गटात महिनाभरातले मृत्यू ८.९ टक्के होते, ६ ते २४ तासांत टाकलेल्या गटात ६.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नाही, पण घाईने जीव वाचत नाहीत एवढं त्यातून स्पष्ट झालं. मधले तास रिकामे नसतातच. दोन्ही हातांना जाड सुया, सलाइन, जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्रॅझोलचं इंजेक्शन, रक्ताची जुळणी, दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब, लघवीचा हिशेब. जठरातलं रक्त पुढे सरकून दुर्बिणीला स्वच्छ दिसावं म्हणून आधी एरिथ्रोमायसिन. ‘रक्त थांबायचं इंजेक्शन’ म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं ट्रानेक्झॅमिक ॲसिडही मुलाने मागितलं. ते मी दिलं नाही. १५ देशांतल्या सुमारे १२ हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने या आजारातले मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण मात्र वाढलं.

रक्ताच्या पिशव्यांवरूनही थोडी ओढाताण झाली. गावातली पोरं रक्त द्यायला मागोमाग गाडी करून आली होती आणि आणलंय तेवढं सगळं चढवा म्हणत होती. त्यांचं प्रेम मला दिसत होतं. पण २०१३ साली बार्सिलोनाच्या अभ्यासाने दाखवलं की हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, सढळ हाताने रक्त दिलेल्या रुग्णांपेक्षा जास्त वाचले, त्यांना पुन्हा रक्तस्रावही कमी झाला. अण्णांचं हृदय आजारी, म्हणून त्यांच्यासाठी आम्ही ती रेषा ८ वर धरली. पहाटेपर्यंत दोन पिशव्या गेल्या. रक्तदाब ११० वर आला, हातपाय गरम झाले. अण्णांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, “बागेत मजूर आले का?”

त्याच रात्री अंबडच्या कारखान्यातला एक पस्तिशी-चाळिशीतला कामगार आला होता. दारूने यकृत निकामी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या, हातातल्या बादलीत ताजं लालभडक रक्त. त्याचा आजार वेगळा आणि घड्याळही वेगळं. त्या शिरांमधला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन, अँटिबायोटिक, श्वासनलिकेत नळी, आणि रक्तदाब सावरताच उजाडायच्या आत दुर्बिणीतून शिरांना रबरी बँड बांधले. रक्तस्राव थांबला, पुन्हा झालाही नाही. तरी चौथ्या दिवशी तो गेला. यकृताने साथ सोडली, मागोमाग मूत्रपिंडांनी. बायको पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “रक्त तर थांबलं होतं ना?” थांबलं होतं. शिरा फुटलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे १५ ते २० टक्के सहा आठवड्यांत दगावतात, आणि कित्येकदा ते थांबलेल्या रक्तस्रावानंतर. तिच्यासमोर बसून हे सांगण्याइतकं अवघड काम आमच्या विभागात दुसरं नाही.

अण्णांची दुर्बीण सकाळी आठला झाली. जठर स्वच्छ होतं. लहान आतड्याच्या तोंडाशी सेंटिमीटरभराचा अल्सर, आणि त्याच्या तळाशी गव्हाच्या दाण्याहून लहान, काळपट लाल उंचवटा. ती उघडी पडलेली रक्तवाहिनी. त्या क्षणी ती वाहत नव्हती, पण अशी वाहिनी तशीच सोडली तर ती पुन्हा फुटण्याची शक्यता फार मोठी. कडेने पातळ केलेलं ॲड्रेनॅलिन टोचलं, आजूबाजूचा भाग पांढरा पडला. नुसत्या ॲड्रेनॅलिनवर थांबायचं नसतं, त्याचा परिणाम उतरतो. मग वाहिनी चिमटून बंद करणारी धातूची बारीक क्लिप. पहिली घसरली. दुसरी बरोबर वाहिनीवर बसली.

मग काकूंनी गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, आणि कात्रीने कापलेल्या बिननावाच्या पट्ट्यांचे तुकडे. एका तुकड्यावर ‘फिनॅक’ एवढीच अक्षरं उरली होती. थंडीत गुडघे धरायचे म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, सकाळ-संध्याकाळ, महिनाभर. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आणि वर हे. पोटाच्या संरक्षणाची गोळी त्यात नव्हती.

मुलाने ॲस्पिरिनची पट्टी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी उठून ती बाहेर काढली. या आजारातली सगळ्यात धोक्याची चूक पुष्कळदा घरी गेल्यावर होते आणि ती हीच असते. हृदयरोग किंवा पक्षाघातासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या आणि अल्सरमधून रक्तस्राव झालेल्या १५६ रुग्णांचा एक अभ्यास आहे. ॲस्पिरिन लगेच चालू ठेवलेल्यांत पुन्हा रक्तस्राव जास्त झाला, १०.३ टक्के विरुद्ध ५.४. पण आठ आठवड्यांतले मृत्यू चालू ठेवलेल्यांत १.३ टक्के आणि बंद केलेल्यांत १२.९ टक्के. मुलगा ते आकडे दोनदा वाचून गप्प झाला. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून क्लोपिडोग्रेल कायमची थांबवली. स्टेंटला दोन वर्षं झाली होती, तिची गरज संपली होती. ॲस्पिरिन तिसऱ्या दिवशी सुरू केली, सोबत पँटोप्रॅझोल. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम.

जठरातून घेतलेल्या तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर करणारा जंतू निघाला, म्हणून १४ दिवसांचा अँटिबायोटिकांचा कोर्स दिला. जंतू खरोखर गेलाय का हे बघायला पँटोप्रॅझोल दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर तपासणी खोटा दिलासा देते. ॲस्पिरिन चालू असताना ते दोन आठवडे मला जड गेले. त्या काळापुरती फॅमोटिडीन ही आम्ल कमी करणारी दुसरी, सौम्य गोळी दिली आणि काकूंना सांगितलं की शीचा रंग रोज स्वतः बघायचा, अण्णांच्या तोंडी सांगण्यावर जायचं नाही. त्या रोज सकाळी फोन करायच्या. तपासणीत जंतू नव्हता, हिमोग्लोबिन १२.१ होतं. त्याच दिवशी पँटोप्रॅझोल पुन्हा सुरू केली, ॲस्पिरिन आहे तोवरची.