फेअरफोर्डचं सेंट मेरी चर्च: २८ खिडक्या कुठून पाहायला लागाव्यात

दारातून आत आलं की पावलं आपसूक वेदीकडे वळतात. इथे तसं करू नका. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या या चर्चच्या रंगीत काचांच्या २८ खिडक्यांत बायबलमधली कथा क्रमाने लावली आहे. वेदीमागच्या खिडकीत येशू क्रुसावर आहे, म्हणजे तिथे गोष्ट पार मध्यावर आलेली असते.

उत्तरेकडे, लेडी चॅपलच्या (मरियेच्या छोट्या प्रार्थनाकक्षाच्या) लाकडी पडद्याला लागून असलेल्या खिडकीपासून सुरुवात करा: हव्वा आणि साप, मोशेचं जळतं झुडूप, गिदोनची लोकर, शलमोनाकडे आलेली शबाची राणी. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने चाला. पुढे दक्षिणेच्या भिंतीवर १२ प्रेषित (येशूचे शिष्य) आणि त्यांच्यासमोर उत्तरेला १२ संदेष्टे लागतात. मान वर केलीत तर वरच्या रांगेत दक्षिणेला हुतात्मे, उत्तरेला त्यांचा छळ करणारे. ही वरची रांग नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही, छोटी दुर्बीण हवीच.

सगळ्यात जास्त वेळ पश्चिमेच्या ‘अंतिम न्याया’ला द्या. १७०३ च्या वादळात या बाजूच्या काचा फुटल्या. या खिडकीचा वरचा अर्धा भाग १८६० च्या दशकात नव्याने बसवला, खालचा जुना आहे. खाली तराजू धरलेला देवदूत मायकेल आणि उजव्या कोपऱ्यातला लालभडक नरक पाहा, मग वर पाहा. वरचा रंग सपाट वाटतो. जुन्या काचेची जाडी जागोजागी बदलते, म्हणून तिच्यातला रंगही हलता राहतो. पिवळा रंग चांदीचा क्षार लावून भट्टीत भाजून आणलेला असतो, त्यामुळे एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि सोनेरी केस निघतात, मध्ये तुकडे जोडणारी शिशाची पट्टी लागत नाही.

हे चर्च लोकरीचा व्यापारी जॉन टेम याने नव्याने बांधायला घेतलं. १५०० मध्ये तो गेला, काम मुलगा एडमंडने पुरं केलं. मध्ययुगीन काचांचा असा जवळजवळ अख्खा संच इंग्लंडच्या दुसऱ्या कुठल्याही पॅरिश चर्चमध्ये (गावच्या किंवा वस्तीच्या चर्चमध्ये) उरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो काढून सुरक्षित ठेवला होता.

पूर्वेच्या खिडक्या सकाळी उजळतात, पश्चिमेच्या दुपारनंतर. एकच फेरी जमणार असेल तर माझं मत दुपारचं. फोटोला फ्लॅश निरुपयोगी, कारण उजेड काचेच्या पलीकडून येतो. फोनच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडकीवर बोट टेकवून प्रकाश कमी करा, नाहीतर फोन अंधाऱ्या भिंतीला धरून उजेड ठरवतो आणि चेहरे पांढरे पडतात.

गावात रेल्वे नाही. गोवेकरांची मोठी वस्ती असलेल्या स्विंडनला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं.